स्पॅम फिल्टरमधील बिघाड

स्पॅम फिल्टरमधील बिघाड म्हणजे नकोसा, फसवा किंवा उपद्रवी ई-मेल वेगळा काढण्यासाठी बसवलेली यंत्रणा बंद पडणे, चुकीचा निर्णय देऊ लागणे अथवा तिला आवश्यक असलेली बाह्य सेवा अनुपलब्ध होणे, आणि त्यामुळे वैध ई-मेलचे वितरण थांबणे, लांबणे किंवा नाकारले जाणे होय. विषाणू तपासणाऱ्या यंत्रणेतील बिघाडाचे परिणामही असेच होत असल्याने दोहोंचा विचार सामान्यतः एकत्र केला जातो.

ई-मेलच्या व्यवस्थेत फिल्टर हा वितरणाच्या मार्गावरच बसवलेला असतो. त्यामुळे तो बिघडला की केवळ स्पॅमचा बंदोबस्त सुटतो असे नाही, तर प्रवेश-अर्ज, निविदा, देयके, वैद्यकीय अहवाल, न्यायालयीन सूचना असा सर्वच पत्रव्यवहार अडू शकतो. विलंबाने होणारी हानी बहुधा भरून निघते. परंतु पत्र नाहीसे झाले आणि ते ना पाठवणाऱ्याला कळले ना घेणाऱ्याला, तर होणारी हानी भरून निघत नाही. म्हणून असा बिघाड हाताळण्याच्या मान्य पद्धतींचे सूत्र एकच आहे : फिल्टर नादुरुस्त असणे हा पत्राचा दोष मानू नये, निर्णय देणे शक्य नसेल तेव्हा पत्र नाकारण्याऐवजी थांबवून ठेवावे.

पार्श्वभूमी

स्पॅमचे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण ३ मे १९७८ रोजीचे मानले जाते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात त्या दिवशी आर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठवण्यात आली होती. १९९० च्या दशकात इंटरनेट सर्वसामान्यांपर्यंत पोहोचल्यावर हा उपद्रव वेगाने वाढला आणि त्यावर तीन प्रकारचे उपाय पुढे आले.

पहिला उपाय काळ्या यादीचा. उपद्रवी सर्व्हरांचे आयपी पत्ते डोमेन नेम सिस्टीमच्या द्वारे जाहीर करायचे आणि पत्र स्वीकारण्यापूर्वी त्या यादीत पाठवणाऱ्या सर्व्हरचा शोध घ्यायचा, ही पद्धत १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी यांच्या पुढाकाराने रूढ झाली. दुसरा उपाय गुणांकनाचा. २००१ मध्ये जस्टिन मेसन यांनी सुरू केलेल्या स्पॅमॲसॅसिन या मुक्त आज्ञावलीत पत्राची शेकडो नियमांनुसार तपासणी होते, प्रत्येक नियमाचे गुण मिळवले जातात आणि बेरीज ठरावीक मर्यादेपुढे गेली की पत्र स्पॅम ठरते. तिसरा उपाय संख्याशास्त्रीय. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी लिहिलेल्या एका निबंधानंतर शब्दांच्या वारंवारितेवरून संभाव्यता काढणारे, म्हणजेच बेझच्या सिद्धान्तावर आधारलेले फिल्टर लोकप्रिय झाले.

आजच्या बहुतेक यंत्रणांमध्ये हे तिन्ही उपाय एकत्र नांदतात. त्यामुळे फिल्टर हा एकसंध भाग न राहता अनेक सुट्या भागांची साखळी झाला आहे. साखळीतील कोणताही दुवा निखळला तरी त्याचा भार अखेर पत्राच्या वितरणावर येतो.

ई-मेलचे हस्तांतरण आणि जबाबदारी

एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे ई-मेल सिंपल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल, संक्षेपाने एसएमटीपी, या संकेतांनुसार जातो. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात हे संकेत मांडले. सध्या प्रचलित असलेले त्यांचे रूप २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्ये आहे. पाठवणाऱ्या सर्व्हरच्या प्रत्येक आज्ञेला घेणारा सर्व्हर तीन अंकी उत्तर देतो. त्यातील पहिला अंक निर्णायक असतो :

• २ ने सुरू होणारे उत्तर : स्वीकार.
• ४ ने सुरू होणारे उत्तर : तूर्त नकार. पाठवणाऱ्या सर्व्हरने पत्र आपल्या रांगेत ठेवून काही वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.
• ५ ने सुरू होणारे उत्तर : कायमचा नकार. पाठवणाऱ्या सर्व्हरने पुन्हा प्रयत्न करू नये आणि मूळ प्रेषकाला तसे कळवावे.

तूर्त नकार मिळाल्यावर दोन प्रयत्नांमध्ये निदान ३० मिनिटांचे अंतर असावे आणि प्रयत्न साधारणतः ४ ते ५ दिवसांपर्यंत चालू ठेवावेत, असे आरएफसी ५३२१ मध्ये सुचवले आहे. पोस्टफिक्स या प्रचलित मेल सर्व्हरमध्ये ही मुदत मुळात ५ दिवसांची असते, तर मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमध्ये ती २ दिवसांची असते.

पत्राचा संपूर्ण मजकूर मिळाल्यावर घेणाऱ्या सर्व्हरने २५० हे उत्तर दिले की त्या क्षणी पत्राची जबाबदारी त्याच्याकडे येते. त्यानंतर यंत्र बंद पडले किंवा साठवणुकीची जागा संपली तरी पत्र हरवता कामा नये, आणि ते पोहोचवता येत नसेल तर प्रेषकाला कळवले पाहिजे, असा दंडक आहे. पत्र गुपचूप टाकून देण्याची मुभा केवळ ते निश्चितपणे फसवे असल्याची मोठी खात्री असेल तेव्हाच आहे. फिल्टर बिघडल्यावर नेमकी हीच खात्री उरत नाही.

फिल्टरचे स्थान

फिल्टर पत्राच्या मार्गावर कोठे बसवला आहे, यावर बिघाडाचा परिणाम अवलंबून असतो.

स्वीकारापूर्वी : दोन सर्व्हरांचे संभाषण चालू असतानाच तपासणी होते. येथे बिघाड झाल्यास घेणारा सर्व्हर तूर्त नकार देऊ शकतो आणि पत्र पाठवणाऱ्याच्या रांगेत सुरक्षित राहते. मात्र कायमचा नकार दिला गेल्यास पत्राचा मजकूर घेणाऱ्याकडे उरत नाही. उरते ती फक्त नोंदवहीतील एक ओळ.

स्वीकारानंतर : पत्र आधी रांगेत घेऊन मग फिल्टरकडे सोपवले जाते. फिल्टर बंद पडल्यास पत्रे घेणाऱ्याच्याच रांगेत साचतात. पाठवणाऱ्याला पत्र पोहोचल्याचे दिसते, घेणाऱ्याला ते मिळालेले नसते, आणि बिघाड लवकर ध्यानात येत नाही.

पेटीत टाकताना : पत्र पेटीपर्यंत येते, पण चुकीच्या निर्णयामुळे स्पॅमच्या कप्प्यात जाते. काही व्यवस्थांमध्ये हा कप्पा ठरावीक दिवसांनी आपोआप रिकामा होतो. त्यामुळे हा बिघाड वरकरणी सौम्य वाटला तरी त्याला कालमर्यादा असते.

बिघाडाची कारणे

फिल्टर बंद पडण्याची कारणे साधारणपणे पुढीलप्रमाणे आढळतात :

१. फिल्टरची प्रक्रिया थांबणे, स्मृती किंवा डिस्कवरील जागा अपुरी पडणे.
२. नियमांच्या अथवा विषाणूचिन्हांच्या नव्या आवृत्तीत दोष असणे. अशी अद्यतने आपोआप उतरवली जात असल्याने एकच दोष एकाच दिवशी असंख्य ठिकाणी प्रकट होतो.
३. दिनांक किंवा क्रमांक यांच्या मर्यादेचा आज्ञावलीत केलेला अपुरा विचार.
४. बाहेरील काळी यादी बंद पडणे, मालकी बदलणे किंवा तिचे उत्तर चुकीच्या अर्थाने घेतले जाणे.
५. डोमेन नेम सिस्टीमची सेवा मंद होणे. प्रत्येक पत्रामागे अनेक शोध घ्यावे लागत असल्याने येथील थोडासा विलंबही गुणाकाराने वाढतो.
६. परवान्याची किंवा सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपणे.

यांपैकी चौथे कारण विशेष फसवे आहे. काळी यादी होकार देताना १२७ ने सुरू होणारा आयपी पत्ता उत्तरादाखल पाठवते. स्पॅमहाउस ही संस्था आपल्या यादीकडे सार्वजनिक डीएनएस सेवेमार्फत विचारणा झाल्यास १२७.२५५.२५५.२५४ आणि विचारणा मर्यादेबाहेर गेल्यास १२७.२५५.२५५.२५५ असे उत्तर देते. ही दोन्ही उत्तरे ‘विचारणेत दोष आहे’ असे सांगणारी आहेत. परंतु कोणतेही उत्तर म्हणजे होकार, अशा समजुतीने मांडणी केलेला सर्व्हर त्यांचा अर्थ ‘प्रेषक उपद्रवी आहे’ असा घेतो आणि येणारे प्रत्येक पत्र नाकारतो.

बिघाडाच्या वेळचे धोरण

फिल्टरकडून उत्तर आले नाही तर सर्व्हरने काय करावे, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. त्याचे चार पर्याय आहेत.

मोकळी वाट : तपासणीविना पत्र पुढे जाऊ दिले जाते. पत्रव्यवहार अखंड राहतो, पण तेवढ्या काळात फसवी पत्रे आणि विषाणू थेट पेटीत पोहोचतात.

स्थगिती : तूर्त नकार दिला जातो किंवा पत्र रांगेत धरून ठेवले जाते. काही हरवत नाही आणि अपायकारक मजकूरही आत येत नाही. याची किंमत विलंबाच्या रूपाने मोजावी लागते. एकवेळचा परवलीचा शब्द किंवा तातडीची बैठक अशी अल्पायुषी पत्रे मात्र उशिरा मिळून निरुपयोगी ठरतात.

नकार : कायमचा नकार दिला जातो. प्रेषकाला निदान सूचना मिळते. पण पत्र पुन्हा पाठवण्याचे ओझे त्याच्यावर पडते. पाठवणारी व्यक्ती नसून एखादी स्वयंचलित यंत्रणा असेल, तर ती सूचना वाचणारे कोणीच नसते.

मूक विसर्जन : पत्र स्वीकारून टाकून दिले जाते. बिघाडाच्या काळात हा पर्याय सर्वथा त्याज्य मानला जातो.

सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हरमध्ये ही निवड मांडणीतील एका अक्षराने ठरते : इंग्रजी ‘टी’ लिहिल्यास स्थगिती, ‘आर’ लिहिल्यास नकार, आणि काहीच न लिहिल्यास फिल्टर बसवलेलाच नाही असे समजून पत्र पुढे जाते. पोस्टफिक्समध्ये अशा बाह्य फिल्टरांसाठी स्थगिती हेच मूळ धोरण आहे. विकल्प म्हणून पत्र स्वीकारून वेगळ्या रांगेत गोठवून ठेवण्याचीही सोय त्यात आहे.

स्थगितीचा एक आनुषंगिक लाभ असा की, स्पॅम पाठवणाऱ्या अनेक आज्ञावली तूर्त नकार मिळाल्यावर पुन्हा प्रयत्न करत नाहीत, तर नियमानुसार चालणारे सर्व्हर करतात. २००३ पासून प्रचारात आलेली ग्रेलिस्टिंग ही पद्धत याच फरकावर उभी आहे.

उल्लेखनीय घटना

ओसिरुसॉफ्ट, २००३ : ओसिरुसॉफ्ट नावाने चालणाऱ्या काळ्या यादीवर ऑगस्ट २००३ मध्ये सेवा ठप्प करणारे हल्ले झाले. त्यानंतर ती यादी बंद करण्यात आली आणि बंद करताना तिने जगातील सर्वच पत्ते उपद्रवी असल्याचे उत्तर देण्यास सुरुवात केली. तिच्यावर विसंबलेल्या सर्व्हरांनी सर्व पत्रे नाकारली.

ओआरडीबी, २००६-२००८ : कोणाचेही पत्र पुढे पाठवणाऱ्या उघड्या सर्व्हरांची नोंद ठेवणारी ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरीही अनेक सर्व्हर तिच्याकडे विचारणा करतच राहिले. मार्च २००८ मध्ये या यादीने प्रत्येक विचारणेला होकारार्थी उत्तर देणे सुरू केले. सुमारे सव्वा वर्ष कोणाच्या लक्षात न आलेली मांडणीतील ती एक ओळ त्या दिवशी संपूर्ण पत्रव्यवहार बंद पाडण्यास पुरेशी ठरली.

स्पॅमॲसॅसिन, २०१० : स्पॅमॲसॅसिनच्या ३.२ या मालिकेत, पत्रावरील दिनांक फार पुढच्या काळातला असल्यास गुण वाढवणारा एक नियम होता. स्पॅम पाठवणारे कधीकधी खोटा भावी दिनांक घालतात, हे त्यामागचे कारण. मात्र हा नियम लिहिताना २०१० पासूनची सर्व वर्षे ‘फार पुढची’ धरली गेली होती. १ जानेवारी २०१० उजाडताच जवळपास प्रत्येक पत्राला कमाल ३.६ पर्यंत जादा गुण मिळू लागले. स्पॅम ठरण्याची मूळ मर्यादा ५ गुणांची असल्याने, एरवी निर्दोष असलेली आणि एखाददुसऱ्या किरकोळ नियमात अडकणारी पत्रे मर्यादेपलीकडे गेली. विशेष म्हणजे हा दोष विकासकांच्या आधीच लक्षात आला होता आणि विकसनशील आवृत्तीत तो दुरुस्तही झाला होता. पण ती दुरुस्ती प्रत्यक्ष वापरातील नियमसंचापर्यंत पोहोचली नव्हती. त्याच दिवशी सुधारित नियम प्रसृत झाला. ज्यांना तो लगेच घेणे शक्य नव्हते, त्यांना स्थानिक मांडणीत त्या एका नियमाचे गुण शून्य करण्यास सांगण्यात आले.

क्लॅमएव्ही, २०१० : क्लॅमएव्ही या मुक्त विषाणूशोधक आज्ञावलीच्या ०.९४ आणि त्यापूर्वीच्या आवृत्त्या १५ एप्रिल २०१० रोजी अद्यतनाद्वारेच निकामी करण्यात आल्या. याची पूर्वसूचना काही महिने आधी दिलेली होती. ज्यांनी आवृत्ती बदलली नव्हती, त्यांच्याकडील शोधक चालू होईना, आणि स्थगिती किंवा नकाराचे धोरण असलेल्या ठिकाणी ई-मेल थांबला.

मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज, २०२२ : १ जानेवारी २०२२ रोजी जगभरातील एक्स्चेंज सर्व्हर २०१६ आणि २०१९ यांवर येणारी-जाणारी पत्रे रांगेत अडकली. या सर्व्हरांतील विषाणू-तपासणी यंत्रणेच्या अद्यतनांना दिनांकावरून क्रमांक दिला जात असे. नव्या वर्षातील पहिला क्रमांक २२०१०१०००१ असा झाला. तो साठवण्यासाठी वापरलेल्या ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे. क्रमांक मर्यादेबाहेर गेल्याने तपासणी यंत्रणा सुरूच होईना, आणि तपासणीविना पत्र पुढे सोडायचे नाही या धोरणामुळे वितरण थांबले. दोष क्रमांकाच्या तपासणीत होता. विषाणू ओळखण्याच्या क्षमतेत नव्हता. तात्पुरता उपाय म्हणून अनेकांनी तपासणी बंद करून किंवा वगळून रांगा मोकळ्या केल्या. मायक्रोसॉफ्टने त्यानंतर दिलेल्या दुरुस्तीत अद्यतनाचा क्रमांक २११२३३०००१ असा, म्हणजे जणू ‘३३ डिसेंबर २०२१’ असा, ठेवण्यात आला, जेणेकरून तो मर्यादेच्या आत राहील. नकाराऐवजी रांग हे धोरण असल्यामुळे पत्रे त्या क्षणी नष्ट झाली नाहीत. मात्र एक्स्चेंजमधील रांगेची मूळ मुदत २ दिवसांचीच असल्याने, सुटीच्या दिवशीही प्रशासकांना तातडीने हालचाल करणे भाग पडले.

प्रशासकाने करावयाची कार्यवाही

बिघाड लक्षात आल्यावर कार्यवाहीचा क्रम महत्त्वाचा असतो. दुरुस्ती हे पहिले काम नव्हे; हानी थांबवणे हे पहिले काम होय.

१. कायमचा नकार थांबवणे. ५ ने सुरू होणारी उत्तरे तात्पुरती ४ ने सुरू होणाऱ्या उत्तरांत बदलावीत. पोस्टफिक्समध्ये ‘सॉफ्ट बाउन्स’ ही मांडणी यासाठीच आहे. या एका बदलाने पुढील पत्रे पाठवणाऱ्यांच्या रांगेत सुरक्षित राहतात आणि दुरुस्तीस अवधी मिळतो.

२. रांगेचे रक्षण. साचलेली रांग पुसून टाकू नये. डिस्कवर किती जागा शिल्लक आहे ते पाहावे आणि दुरुस्तीस वेळ लागणार असेल तर रांगेची मुदत वाढवावी.

३. दोषाची कक्षा ठरवणे. नोंदवहीतून पहिल्या बिघडलेल्या निर्णयाची वेळ शोधावी. त्या वेळेच्या आगेमागे कोणते अद्यतन आले, कोणती सेवा बंद पडली, दिनांक बदलला का, हे ताडून पाहावे.

४. केवळ सदोष भाग वेगळा करणे. एखादा नियम, एखादी यादी किंवा एखादा शोधक वगळून उर्वरित फिल्टर चालू ठेवता येत असेल, तर संपूर्ण फिल्टर बंद करू नये. तसे करणे अपरिहार्य असल्यास धोकादायक जोडपत्रे तरी अडवून धरावीत.

५. चाचणी. स्पॅम फिल्टर तपासण्यासाठी जीट्यूब आणि विषाणूशोधक तपासण्यासाठी आयकार ही निरुपद्रवी नमुना-अक्षरे वापरली जातात. नमुना पत्र अडते आणि साधे पत्र सुटते, या दोन्ही गोष्टींची खात्री करावी. केवळ पहिली गोष्ट पाहणे अपुरे आहे, कारण सर्वच पत्रे अडवणारा फिल्टरही त्या चाचणीत उत्तीर्ण होतो.

६. रांग टप्प्याटप्प्याने सोडणे. सर्व पत्रे एकदम सोडल्यास नुकताच दुरुस्त झालेला फिल्टर भाराने पुन्हा कोसळू शकतो. साचलेल्या पत्रांपैकी जी स्पॅम ठरतील ती प्रेषकाकडे परत धाडू नयेत. स्पॅमवरील प्रेषकाचा पत्ता बहुधा खोटा असतो आणि परतीची सूचना तिऱ्हाईत निरपराध व्यक्तीच्या पेटीत जाऊन पडते. या उलट्या माऱ्याला बॅकस्कॅटर म्हणतात, आणि तो करणारा सर्व्हर स्वतःच काळ्या यादीत जाण्याचा संभव असतो.

७. चुकीच्या निर्णयांचा फेरविचार. बिघाडाच्या काळात ‘क्वारंटाइन’ किंवा स्पॅमच्या कप्प्यात गेलेली पत्रे पुन्हा तपासून योग्य ती पेटीत हलवावीत. तेथील आपोआप पुसण्याची क्रिया तोवर थांबवावी.

८. नाकारलेल्या पत्रांची यादी. जी पत्रे स्वीकारापूर्वीच नाकारली गेली, ती घेणाऱ्याला परत मिळवता येत नाहीत. नोंदवहीतून प्रेषक, प्राप्तकर्ता आणि वेळ यांची यादी काढून संबंधितांना कळवावी, म्हणजे ते पत्र पुन्हा मागवू शकतात.

९. सूचना. ही माहिती दूरध्वनी, लघुसंदेश किंवा सूचना-फलक अशा अन्य मार्गांनीही द्यावी. ई-मेल बंद असल्याची सूचना ई-मेलनेच पाठवण्यात अर्थ नसतो.

मुख्य सर्व्हर पत्र घेत नसेल तर पाठवणारे सर्व्हर दुय्यम सर्व्हरकडे वळतात. दुय्यम सर्व्हरवर तितकीच कडक तपासणी आणि वैध पत्त्यांची यादी नसेल, तर तो सर्व काही स्वीकारतो आणि मुख्य सर्व्हरने नंतर नाकारलेल्या पत्रांच्या परतीच्या सूचना पाठवत बसतो. म्हणून बिघाडाच्या काळात दुय्यम सर्व्हरवरही लक्ष ठेवावे लागते.

प्रेषकाला मिळणारी सूचना

पत्र पोहोचले नाही तर प्रेषकाला यंत्राने तयार केलेली सूचना येते. तिचा नमुना २००३ च्या आरएफसी ३४६४ मध्ये ठरवून दिलेला आहे. तिच्यात तीन अंशांचा एक संकेतांक असतो, त्यावरून दोष कोणाकडे आहे याचा अंदाज बांधता येतो :

• ५.१.१ : असा पत्ता अस्तित्वात नाही. पत्ता तपासून पुन्हा पाठवावे.
• ५.२.२ : प्राप्तकर्त्याची पेटी भरली आहे.
• ५.७.१ : धोरणानुसार पत्र नाकारले. फिल्टरने दिलेला नकार बहुधा या संकेतांकाने येतो.
• ४.३.२ : सर्व्हर तूर्त पत्रे स्वीकारत नाही.
• ४.७.१ : धोरणानुसार तूर्त नकार. फिल्टरशी संपर्क होत नसताना किंवा ग्रेलिस्टिंगमध्ये हा आढळतो.

पहिला अंक ४ असलेली सूचना बहुधा विलंब कळवते. पाठवणारा सर्व्हर प्रयत्न करत असतो, म्हणून तेच पत्र पुन्हा पुन्हा पाठवण्याची गरज नसते. पहिला अंक ५ असल्यास मात्र पत्र पोहोचणार नाही हे निश्चित समजावे. अशा वेळी मजकुरात फेरफार करून तेच पत्र वारंवार धाडण्यापेक्षा प्राप्तकर्त्याला अन्य मार्गाने कळवणे आणि सूचनेचा संपूर्ण मजकूर त्याच्या प्रशासकापर्यंत पोहोचवणे अधिक उपयुक्त ठरते. सूचनेत नाकारणाऱ्या सर्व्हरचे नाव आणि बहुधा यादीचे किंवा नियमाचे नावही असते. दोष शोधण्यास तेवढे पुरते.

विलंबाने पोहोचलेल्या पत्रावर मूळ पाठवल्याचाच दिनांक असतो. त्या दिनांकानुसार मांडणी करणाऱ्या पेटीत असे पत्र वर न दिसता जुन्या पत्रांच्या ओळीत जाऊन बसते आणि नजरेतून सुटते. पत्र कोणत्या टप्प्यावर किती वेळ थांबले हे त्याच्या शीर्षभागातील, प्रत्येक सर्व्हरने घातलेल्या, प्राप्तीच्या नोंदींवरून कळते.

देवनागरी पत्ते आणि फिल्टर

ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी लिपीतील डोमेन सुरू झाले. मराठी, हिंदी, कोंकणी आदी भाषांतील नावे त्यात नोंदवता येतात. @ या चिन्हाच्या आधीचा भागही देवनागरीत असलेला ई-मेल पत्ता वापरण्यासाठी मार्गावरील प्रत्येक सर्व्हरला एसएमटीपी-यूटीएफ-८ ही पुरवणी अवगत असावी लागते. ती २०१२ च्या आरएफसी ६५३१ मध्ये सांगितली आहे. पोस्टफिक्सने ती २०१५ मधील ३.० या आवृत्तीपासून स्वीकारली.

येथे फिल्टर हा दुर्लक्षित दुवा ठरू शकतो. मुख्य सर्व्हरने देवनागरी पत्त्याचे पत्र स्वीकारले, पण ते ज्या फिल्टरकडे सोपवायचे त्याला ही पुरवणी अवगत नसली, तर पत्र पुढे जात नाही आणि प्रेषकाकडे परत येते. फिल्टर बंद पडलेला नसतो, इतर पत्रे सुरळीत चालू असतात. अडते ते फक्त देवनागरी पत्त्याचे पत्र. इंग्रजी पत्त्यावरून पाठवलेल्या मराठी मजकुराला मात्र ही अडचण येत नाही, कारण तो मजकूर सांकेतिक रूपात बांधून पाठवण्याची सोय फार पूर्वीपासून आहे.

कायदेशीर बाजू

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेख केव्हा पाठवला आणि केव्हा मिळाला असे मानावे, हे सांगितले आहे. दोन्ही पक्षांत वेगळा करार नसेल आणि प्राप्तकर्त्याने एखादे संगणक साधन त्यासाठी नेमून दिलेले असेल, तर अभिलेख त्या साधनात प्रवेश करतो त्या वेळी तो मिळाला असे धरले जाते. प्राप्तकर्त्याने तो प्रत्यक्ष वाचला की नाही, हा या व्याख्येचा भाग नाही.

यामुळे फिल्टरच्या बिघाडात पत्र नेमके कोठे थांबले, याला महत्त्व येते. तूर्त नकार मिळालेले पत्र पाठवणाऱ्याच्याच यंत्रणेत असते; विलग कप्प्यात पडलेले पत्र घेणाऱ्याच्या यंत्रणेत शिरलेले असते. निविदेची वा अपिलाची मुदत अशा वादात दोन्ही सर्व्हरांच्या नोंदवह्या हा महत्त्वाचा पुरावा ठरू शकतो. म्हणून बिघाडाच्या काळातील नोंदी जपून ठेवण्याची शिफारस केली जाते.

प्रतिबंधक उपाय

• फिल्टरकडून उत्तर न आल्यास काय करायचे, हे धोरण लेखी ठरवावे आणि फिल्टर मुद्दाम बंद करून ते पडताळून पाहावे.
• कोणत्याही एका यादीच्या वा नियमाच्या बळावर पत्र नाकारले जाऊ नये. निर्णय अनेक निकषांच्या बेरजेवर असावा.
• वापरातील प्रत्येक काळी यादी चालू आहे ना, याची नियमित तपासणी करावी. २०१० च्या आरएफसी ५७८२ नुसार प्रत्येक यादीत १२७.०.०.२ हा पत्ता असलाच पाहिजे आणि १२७.०.०.१ हा असता कामा नये. पहिला न सापडल्यास यादी निष्क्रिय आहे. दुसरा सापडल्यास ती सर्वांनाच दोषी ठरवत आहे असे समजावे. हीच तपासणी आपोआप होत असती, तर २००८ मध्ये ओआरडीबीमुळे अडलेली पत्रे अडली नसती.
• यादीकडून येणाऱ्या उत्तरांपैकी नेमकी कोणती होकारार्थी मानायची, ते मांडणीत स्पष्ट लिहावे.
• रांगेची लांबी, नाकारलेल्या पत्रांचे प्रमाण आणि स्वीकारलेल्या पत्रांची संख्या यांवर सतत देखरेख असावी. नाकारलेल्या पत्रांचे प्रमाण अचानक वाढणे हे स्पॅम वाढल्याचे लक्षण असू शकते, तसेच फिल्टर बिघडल्याचेही.
• बंद झालेल्या सेवा आणि मुदत संपलेल्या आवृत्त्या वेळीच काढून टाकाव्यात.
• वर्ष बदलताना आणि मोठ्या सुट्यांच्या काळात जबाबदार व्यक्ती उपलब्ध असावी. वर वर्णिलेल्या घटनांपैकी दोन १ जानेवारी रोजीच घडल्या आहेत.

हेही पाहा

• ई-मेल
• स्पॅम
• संगणक विषाणू
• डोमेन नेम सिस्टीम
• वर्ष २००० समस्या
• युनिकोड